सात शिंकांचं गुदाम

घराची निंदा ऐकायची असेल तर खुद्द मालकाच्या तोंडून ऐकावी, आणि तीही घरपट्टी बसवायला आलेल्या माणसाने. मी ती सहा आठवडे ऐकली. त्या सहा आठवड्यांत मला समजलं की आमच्या गावात एकही धड घर नाही. लोक केवळ सवयीने आत राहतात.

गावाचं नाव मी सांगणार नाही. शहाद्याहून नंदुरबारच्या बाजाराला मिरची घेऊन जाणाऱ्या गाड्या तिथे थांबून बैलांना पाणी पाजत, एवढं पुरे. सालही सांगत नाही. पहिली मोठी लढाई संपून बरेच दिवस झाले होते आणि दुसरीची अजून कुणाला कल्पना नव्हती. मी तेव्हा तिशीचा होतो. हौशी नाटकमंडळीत राजा व्हायचो आणि नाटक नसेल तेव्हा बेकार. गावच्या कमिटीने नवी घरपट्टी बसवायचं ठरवलं, घरं पाहून नोंदी करायला माणूस हवा झाला, आणि मला बोलावणं आलं. माझ्याकडे लायकी दोनच: अक्षर वळणदार होतं, आणि चारचौघांसमोर शिव्या खाण्याची सवय होती.

नियम साधे होते. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल हे ठरवायचं आणि त्याचा एक हिस्सा पट्टी म्हणून घ्यायचा. राहत्या घराला एक दर. ज्या घरात व्यापाराचा माल असेल त्याला दुप्पट. देऊळ, मशीद, धर्मशाळा यांना माफी. निराधार माणसांनाही माफी. कागदावर हे सगळं इतकं न्यायाचं दिसत होतं की वाचताना माझा आवाज आपोआप चढायचा.

पण भाडं ठरवणार कसं? गावात कुणी कुणाला घर भाड्याने देतच नसे. मी विचारायचो, "तुमच्या घराला भाडं किती येईल?" आणि मालक छताकडे अशा नजरेने पाही की मलाच वर बघायची भीती वाटे.

एका घरी तर मोठीच मौज झाली. मालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं होतं आणि मुलीचा बाप घर बघायला नेमका त्याच सकाळी आला. ओट्यावर एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला वही उघडून मी. बिचारा मालक मध्ये! पाहुण्याकडे वळून मोठ्याने म्हणे, "भिंती दीड हात जाड शेतस, पाव्हनं! उन्हाळामा आत थंडगार!" मग माझ्या कानाला लागून कुजबुजे, "मागली भिंत गयी शे, भाऊ. यंदा पडस का पुढला साल, एवढंच." पुन्हा मोठ्याने, "माळा सागवानी!" आणि कानात, "वाळवी शे." आता नाटकात काम केलेल्या माणसाला असा प्रसंग सोडवेल का? मी खणखणीत आवाजात विचारलं, "काय म्हणालात? मागची भिंत पडायला आली?" पाहुणा पागोटं सावरत उठलाच. मालकाने माझा हात धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "लिखा! राजवाडानं भाडं लिखा!" त्या गल्लीतली सर्वांत जास्त पट्टी त्याची बसली. लग्न मात्र झालं, आणि पंगतीत मला त्याने स्वतःच्या हाताने वाढलं.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

माझी मोजणी दिवाळीनंतर सुरू झाली, म्हणजे ऐन मिरचीच्या दिवसांत. आमच्याकडे मिरचीचा व्यापार मुख्यतः एका शेठजींच्या हातात होता. माल गावाबाहेर उघड्यावर वाळे, आणि वाळला की देठ खुडायला घरोघर जाई. बायका शेठजींची पोती घरी नेत, देठ काढून मिरची परत देत आणि वजनावर मजुरी घेत. तेव्हा दोन महिने जवळजवळ प्रत्येक गरीब घरात शेठजींची मिरची असे. शेठजींच्या स्वतःच्या घरात मात्र चटणीपुरतीही दिसत नसे.

दुपारी पुरुष कामावर गेलेले. घरात बायका. परक्या पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही, ही रीत सगळ्याच गल्ल्यांत होती. मुसलमानांच्या मोहल्ल्यात दाराला पडदाही असे. मग आत माल आहे की नाही हे मी कसं पाहणार? मी एक शोध लावला. दाराबाहेर उभं राहायचं आणि दीर्घ श्वास घ्यायचा. शिंक आली नाही तर राहतं घर. एक-दोन आल्या तर घरच्या भाजीची फोडणी. तीन किंवा त्याहून जास्त आल्या तर आत माल आहे, दर दुप्पट. या पद्धतीचा मला इतका अभिमान होता की संध्याकाळी कमिटीच्या शिपायाला मी शिंकांचे निरनिराळे प्रकार करून दाखवत असे.

मोहल्ल्याच्या टोकाला एका पिंजाऱ्याच्या विधवेचं घर होतं. दोन खोल्या, कौलं, पुढे जरा अंगण. तिथे मला सात शिंका आल्या. सातवीला टोपी पडली. मी टोपी झटकली आणि वहीत लिहिलं: "मिरचीचे गुदाम."

महिनाभराने पट्टीची बिलं वाटली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बाई कमिटीच्या कचेरीपुढे येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उंच, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. बोटं मिरचीने कायमची तांबूस झालेली. सगळा गाव तिला चाची म्हणे, म्हणून मीही म्हणालो, "या, चाची."

"मन्हं घर गुदाम शे असं तू लिखं?"

"आत माल होता, चाची."

"तू देखा का?"

"देखा नाही, पण..." मी शिंकांचा शास्त्रीय आधार समजावून सांगितला.

तिने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शेजारी उभ्या असलेल्या शिपायाकडे वळून म्हणाली, "शिंकना हाऊ, आन् पट्टी भरू मी?"

शिपाई इतका हसला की त्याला आत जावं लागलं. मला हसू आलं नाही, कारण तिने पुढे जे सांगितलं ते ऐकून माझा चेहरा उतरला. दुप्पट पट्टी तिला झेपणार नव्हती. दिवसभर देठ खुडून ती जेमतेम पोट भरत होती. पट्टी थकली तर कमिटी जप्ती आणणार, आणि जप्तीच्या लिलावात घर स्वस्तात उचलायला एक माणूस टपलेला होता: तिचा दीर. तो पलीकडच्या गल्लीत राहायचा. घर चाचीने आणि नवऱ्याने मिळून बांधलेलं, माती तिने स्वतः पायांनी तुडवलेली. पण कागद म्हणून कसलाच नव्हता. नवरा गेल्यापासून दीर येता-जाता म्हणे, "घर मन्हा भाऊनं, म्हणजे आते मन्हं." आणि माझ्या सात शिंकांनी त्याचं काम सोपं करून ठेवलं होतं.

"काळजी करू नका," मी म्हणालो. राजाच्या भूमिकेत प्रधानाला असंच म्हणायची सवय. "हरकतीला आठ दिवस आहेत. मी अर्ज लिहितो. निराधार म्हणून माफीच मिळवतो. एक पैसा भरावा लागणार नाही!"

घरी जाऊन मी अर्ज लिहिला. काय अर्ज होता तो! त्यात अंधारी झोपडी होती, खोकला होता, विझत आलेली चूल होती, आकाशाकडे पाहणारे दोन डोळे होते. माझ्या बायकोला वाचून दाखवला तर तिने पदर डोळ्यांना लावला आणि विचारलं, "कधी वारली हो ती?"

दुसऱ्या दिवशी चाचीच्या अंगणात उभं राहून मी तो अर्ज तालासुरात वाचला. शेजारच्या बायका देठ खुडायच्या थांबल्या. वाचून झाल्यावर मी टाळीची वाट पाहावी तसा थांबलो.

"ह्या कागदमा जी बाई शे ना," चाची म्हणाली, "ती मी नही."

"अहो चाची, हे असं लिहावं लागतं."

"माले खोकला शे का? चूल इझेल शे का? ती देख, पेटेल शे. फाड तो कागद."

"पण माफी हवी ना?"

"माफी कोनी मांगी?" तिने खाली बसून पुन्हा मिरची हातात घेतली. "माफीनी यादीमा मालकनं नाव ऱ्हास का?"

खरंच, नाव नसे. माफीच्या यादीत मी अशा घरांपुढे "विधवा, राहते" एवढंच लिहीत होतो. मालकाचं नाव फक्त पट्टीच्या वहीत असे, आणि पट्टी भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवर.

"माले पावती पाह्यजे," चाची म्हणाली. "मन्हा नावनी. राहता घरनी जेवढी पट्टी व्हस तेवढी मी भरसू. दीर उना का त्याले ती पावती दाखाडसू."

पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे वकील सांगतील आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या गावात पंच बसले की पहिला प्रश्न विचारत, पट्टी कोण भरतं? तेवढा कागद ज्याच्या हातात, त्याचं बोलणं आधी ऐकलं जाई. चाचीला हे ठाऊक होतं. अर्ज लिहिणाऱ्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. मी अर्ज फाडला. खोकल्याच्या वाक्याशी हात जरा थबकला, खोटं कशाला बोलू.

तिने सांगितलेली हरकत एका ओळीची होती: माल शेठजींचा, घर माझं, मी मजुरी करते, घर राहतं धरावं. मी तशीच लिहिली, एकही विशेषण न घालता. आयुष्यात इतकं कष्टाचं लिखाण मी केलं नाही.

तिच्यासारख्या बायका आणखी होत्या. माझं नाक दोन गल्ल्यांतून फिरलं होतं. हरकत लिहून झाल्यावर त्या तिच्या अंगणात बराच वेळ काहीतरी बोलत बसल्या. मी जवळ गेलो की गप्प होत. मला वाटलं, माझ्या अर्जाला हसताहेत.

सुनावणी सकाळी दहाला होती. टेबलामागे अध्यक्ष. ते वकील होते, आणि वाक्य संपलं की चष्मा पुसायचे. शेजारी दोन-तीन सभासद आणि खुद्द शेठजी, कारण तेही कमिटीवर होते. चाची दाराशी ओढणी सावरून उभी. मागे भिंतीला टेकून तिचा दीर. तो कशाला आला होता ते कुणी विचारलं नाही.

अध्यक्षांनी हरकत वाचली. मग माझ्याकडे वळले. "कारकून, या घरात गुदाम आहे, ही नोंद तुम्ही कशावरून केलीत?"

रंगमंचावर मी मोठमोठी संकटं पाहिली होती, पण तिथे लिहिलेलं उत्तर पाठ असतं. मी म्हणालो, "शिंकेवरून, साहेब."

"काय?"

"सात शिंका आल्या."

अध्यक्षांनी या वेळी पुढचं वाक्य सुरू करायच्या आधीच चष्मा काढला. खोलीत हशा पिकला. सर्वांत मोठ्याने शेठजी हसले. "अरे भाई, मग माझ्या घरी किती शिंका आल्या तुला?"

"एकही नाही, शेठजी. आपलं राहतं घर."

ते आणखी हसणार तेवढ्यात त्यांचा गडी धावत आत आला. डोळ्यांतून पाणी, नाक लाल. "शेठ! घर चला! बायका उन्यात! पोतं डोक्यावर लई उन्यात!"

शेठजींचं घर कचेरीसमोरच होतं. आम्ही सगळे खिडकीकडे गेलो. दोन्ही गल्ल्यांतल्या बायका रांगेने येत होत्या, कुणाच्या डोक्यावर अर्धं पोतं, कुणाच्या कमरेवर टोपली, आणि एकेक जण शेठजींच्या ओट्यावर मिरची ठेवून बाजूला होत होती. ओटा भरला, मग ओसरी भरली. सर्वांत पुढची बाई आत तोंड करून ओरडत होती, "शेटाणी, आम्हना घरमा मिरची ठेवी का घरनं दुकान व्हस म्हने! तुमनं दुकान तुमना घर लई उनूत. सांभाळा!" आतून शेटाणींच्या शिंका ऐकू येत होत्या. मी मोजल्या. अकरापर्यंत मोजून सोडून दिल्या.

"आ शूं थयुं!" शेठजी कपाळावर हात मारून म्हणाले. ते रंगात आले की गुजराती बोलत, संकटात सापडले तरीही.

चाची दाराशी होती तशीच उभी होती. "शेटजी," ती म्हणाली, "आते तुमनं घर गुदाम शे का राहतं?"

मी शेठजींना गेली वीस वर्षं ओळखतो. ते लोभी आहेत, पण मूर्ख मुळीच नाहीत, आणि विनोद स्वतःवर आला तरी त्यांना कळतो. त्यांनी पुन्हा एकदा खिडकीबाहेर पाहिलं. चाळीस बायकांनी देठ खुडणं थांबवलं तर नंदुरबारला जाणारा माल अडकणार होता, हा हिशोब त्यांना आमच्याआधी समजला असणार. ते वळले आणि अध्यक्षांना म्हणाले, "लिहा साहेब. ज्याचा माल त्याचा व्यापार. माझ्या पेढीला लावा दुप्पट दर. मजुरी करणाराचं घर ते घर."

अध्यक्षांनी ते वकिली भाषेत लिहवून घेतलं: दुसऱ्याच्या मालावर घरी मजुरीने काम केल्याने राहते घर व्यापाराची जागा ठरणार नाही. दोन गल्ल्यांतल्या माझ्या सगळ्या नोंदी एका वाक्याने बदलल्या. मग ते चाचीकडे पाहून मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या आहात. तुम्हाला निराधार म्हणून माफी देता येईल. देऊन टाकू?"

"नको साहेब. हात शेतस माले. मन्हं नाव लिखा, पट्टी लिखा."

आणि तेव्हा भिंतीजवळचा दीर पुढे आला. "साहेब, नाव मन्हं लिखा. घर मन्हा भाऊनं शे. भाऊ नही ऱ्हायना. बाईमाणूसनं नाव कसाले?"

चाचीच्या तांबूस बोटांनी ओढणीचा काठ घट्ट धरला. अध्यक्ष चष्मा पुसू लागले, आणि मला कळलं की त्यांना काय करावं हे सुचत नाही. कागद तिच्याकडे नव्हता, त्याच्याकडेही नव्हता, आणि तो पुरुष होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमचा शिपाई खाकरला. "साहेब, एक सांगू का? हे बिल मी आधी यांच्याकडेच नेलं होतं. म्हटलं घरातला पुरुष हाच. यांनी दुप्पट आकडा ऐकला आणि म्हणाले, त्या घराशी माझा काही संबंध नाही. मी म्हटलं, मग तसं लिहून द्या, नाहीतर मला बोलणी बसतील. यांनी बिलाच्या पाठीवर तसं लिहवून घेऊन अंगठा दिला. ते बिल मी दप्तरात ठेवलं आणि बाईंना दुसरं नेऊन दिलं."

बिल दप्तरात होतंच. अध्यक्षांनी ते उलटं केलं, मोठ्याने वाचलं आणि दिराकडे पाहिलं. "गुदाम होतं तोवर तुमचा संबंध नव्हता. आता राहतं घर झालं आणि संबंध आला?"

"साहेब, ते मी रागमा..."

"अंगठा रागातला असला तरी तुमचाच आहे ना?"

दीर काहीतरी पुटपुटत बाहेर पडला. बाहेर बायका होत्याच. त्यांनी त्याला वाट दिली, पण गुपचूप दिली नाही. "या शेट, तुमले गुदाम पाह्यजे का? हाई टोपलं लई जा!" असं बरंच काही मला ऐकू आलं, सगळं लिहिण्यासारखं नाही.

"कारकून," अध्यक्ष म्हणाले, "मालकाचं नाव लिहा."

मी वही उघडली. "चाची, तुमचं नाव?"

आणि काय सांगू, ती बाई क्षणभर गोंधळली. सबंध सुनावणीत न डगमगलेली ती, तिला स्वतःचं नाव सांगायला वेळ लागला. कित्येक वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं. मग तिने हळू सांगितलं. सुंदर नाव होतं. मी ते इथे देत नाही, पण वहीत मात्र अमुकची बायको किंवा तमुकची विधवा असं न लिहिता आधी तिचंच नाव लिहिलं, माझ्या सर्वांत वळणदार अक्षरात.

पट्टी तिने त्याच आठवड्यात भरली. पावती मी तीनदा वाचून दाखवली, कारण तिने तीनदा वाचायला लावली. तिसऱ्या वेळी ती सोबतीला आलेल्या शेजारणीला म्हणाली, "आयकं का?" शेजारणीने ऐकलं होतं आणि तिलाही आता आपल्या नावाचं बिल हवं होतं. तिचा नवरा चांगला जिवंत होता, हे सांगूनही उपयोग झाला नाही.

माझी नेमणूक सहा आठवड्यांची होती ती पुढे पक्की झाली. कुणी म्हणतं कामामुळे, कुणी म्हणतं करमणुकीमुळे. नव्या टेबलाशी बसलो त्या पहिल्याच सोमवारी चाची कचेरीत आली, कुणी बस म्हणायची वाट न बघता समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, मन्हा दारसमोरनी गटार तुंबेल शे."

"बघू, चाची. दोन-चार दिवसांत माणूस पाठवतो."

"दोन-चार दिन?" तिने ओढणीच्या गाठीतून पावती काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोट टेकवलं. "पट्टी भरी शे मी."

मी टोपी घातली, शिपायाला हाक मारली, आणि आम्ही तिघे गटार बघायला निघालो.